पापणी लवायची राहते तेव्हा

चष्म्याच्या दुकानात हल्ली एक प्रयोग हमखास दाखवतात. विक्रेता छोटासा लेझर पेन घेऊन त्याचा जांभळा झोत एका कार्डावर मारतो आणि कार्डावर डाग उमटतो. मग मध्ये ‘कॉम्प्युटरचा चष्मा’ धरतो. आता डाग उमटत नाही. घातक निळ्या प्रकाशापासून संरक्षण, तेही डोळ्यांदेखत सिद्ध! गिऱ्हाईक खिशात हात घालतं.

सिद्ध काय झालं ते जरा बघू. त्या पेनमधल्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०५ नॅनोमीटर असते, म्हणजे दृश्य प्रकाशाची अगदी जांभळी कड. एलईडी पडद्यातला निळा प्रकाश सर्वांत जोरदार असतो तो ४५० नॅनोमीटरच्या आसपास. हे चष्मे पहिल्याला जवळपास पूर्ण अडवतात आणि दुसऱ्यातला जेमतेम १० ते २५ टक्के. प्रयोग एका प्रकाशावर आणि पैसे दुसऱ्यासाठी, असा हा मामला आहे. शिवाय ढगाळ दिवशी खिडकीबाहेर पाहिलं तरी पडद्यापेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश डोळ्यांत जातो. २०२३ साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. डोळ्यांचा थकवा कमी करण्यात साध्या काचांपेक्षा त्यांचा निदान अल्पकाळात तरी बहुधा काहीच जास्त उपयोग होत नाही, असा निष्कर्ष निघाला.

याच जातीचा जुना प्रकार म्हणजे ‘रेडिएशन’ शोषून घ्यायला मॉनिटरशेजारी ठेवलेला निवडुंग. मागे पोट सुटलेल्या जुन्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉन काचेवर आदळत, त्यातून थोडे क्ष-किरण निघत आणि काचेतलं शिसं ते तिथल्या तिथे अडवत असे. आजच्या सपाट पडद्यात ती इलेक्ट्रॉनची बंदूकच नाही. उरतो तो दिसणारा प्रकाश. निवडुंगाने तो खरोखर ओढून घेतला असता, तर पडदा काळा दिसला असता. मोबाइलला चिकटवायच्या ‘चिप’ही याच पंगतीतल्या.

तरीही संध्याकाळी डोळे चुरचुरतात, जड होतात, अक्षरं मधूनच पुसट दिसतात, हे काही खोटं नाही. पण त्याचा बराचसा दोष पडद्यातून जे येतं त्याच्याकडे जात नाही. पडद्यासमोर बसल्यावर आपण जे करायचं थांबवतो, त्याच्याकडे जातो. आपण पापण्या लववायचं थांबवतो.

गप्पा मारताना किंवा नुसतं बसलेलं असताना माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. पडद्यावर लक्ष लागलं की हा आकडा निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावरही येतो. त्याने काय बिघडतं, हे कळण्यासाठी डोळ्याच्या अगदी बाहेरच्या थराकडे जावं लागेल. माझ्या मते शरीरातल्या सर्वांत दुर्लक्षित सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे.

डोळ्याच्या बुबुळापुढे पारपटल असतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पण हवेला थेट भिडतं ते पारपटल नव्हे. त्यावर अश्रूंचा एक पापुद्रा असतो, सुमारे ३ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून कमी. याला अश्रुपटल म्हणतात. तळाशी चिकट श्लेष्मल पदार्थ, त्यामुळे पाणी पारपटलाला धरून राहतं. मग पाणी, क्षार आणि प्रथिनं. आणि सर्वांत वर तेल. हा तेलाचा थर मायक्रोमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही पातळ असतो. पावसात रस्त्यावरच्या डबक्यात तेल सांडलं की जसे रंगीत पट्टे दिसतात, तसेच पट्टे नेत्रतज्ज्ञांना योग्य उपकरणातून जिवंत डोळ्यावर दिसतात.

तेल येतं कुठून? पापणीच्या कडेला, पापणीच्या केसांच्या मुळांमागे, बारीक छिद्रांची एक रांग असते. वरच्या पापणीत अशा ग्रंथी ढोबळमानाने २५ ते ४०, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. पापणी मिटताना स्नायू या ग्रंथींना दाबतात आणि तेलाचा अंश कडेवर येतो. वरची पापणी खाली येऊन खालचीला टेकते, तेल उचलते आणि वर जाताना ते डोळाभर पसरवते. पापणी उघडल्यावरही सेकंदभर पृष्ठताणातल्या फरकामुळे तेलाचा थर वर सरकतच असतो. हे तेल पाण्याचं बाष्पीभवन रोखून धरतं.

पापणी लवली नाही, तर पाणी उडत राहतं. पटल सगळीकडे सारखं पातळ होत नाही. कुठे तरी एका ठिकाणी ते फाटतं. नेत्रतज्ज्ञ हे थेट पाहतात: डोळ्यात फ्लुओरेसीन या रंगाचा अंश घालतात, ‘आता पापणी लववू नका’ असं सांगतात आणि निळा प्रकाश टाकतात (होय, तोच बदनाम निळा!). अख्खं पटल हिरवं चमकतं. काही सेकंदांनी त्यात एक काळा ठिपका उमटतो, मग रेघ, मग त्याचं बेट. पहिला ठिपका १० सेकंदांच्या आत आला, तर पटल कमकुवत समजतात. आता हिशेब करा. पापणी मिनिटाला पाचदाच लवली, तर दोन लवण्यांमध्ये १२ सेकंद जातात.

पटल फाटतं तिथे उरलेलं पाणी जास्त खारट होतं. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत, पण मज्जातंतूंची दाटी त्वचेच्या कित्येक पट आहे. त्यांना तो खारटपणा झोंबतो. त्यावर मेंदू अश्रुग्रंथीला पाणी सोडायला सांगतो, म्हणून कोरडेपणानेच डोळ्यांतून पाणी वाहतं.

आणि अक्षरं पुसट का होतात? डोळ्याची एकूण अपवर्तनशक्ती, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक), त्यातली दोन तृतीयांश आतल्या भिंगाची नसून पुढच्या वक्र पृष्ठभागाची. प्रकाश किती वळणार हे अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. हवा १, अश्रू सुमारे १.३४, पारपटल सुमारे १.३८. सर्वांत मोठी उडी हवा आणि अश्रू यांच्यामध्ये आहे, अश्रू आणि पारपटल यांच्यात ती किरकोळ. म्हणजे आपलं सर्वांत ताकदवान भिंग हा पाण्याचा एक थेंबही न भरणारा पापुद्रा आहे, आणि तोच खडबडीत झाला की प्रतिमा विस्कटते. पापणी लववली की लगेच स्पष्ट दिसायला लागलं, तर कारण बहुधा हेच. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून असं मागेपुढे होत नाही.

पापणी लवायची थांबते, त्यामागे मेंदूचा हात आहे. प्रत्येक मिटण्यात क्षणभर अंधार होतो, म्हणून मेंदू ती सोयीच्या क्षणी करतो: वाक्य संपल्यावर, पान उलटताना. २००९ साली जपानी संशोधकांना आढळलं, की एकच विनोदी चित्रफीत पाहणाऱ्या अनेकांच्या पापण्या कथेतल्या ठरावीक विरामांवर एकाच सुमारास लवतात. न संपणारी यादी सरकवत बसणाऱ्याला मात्र विरामच मिळत नाही. कागदावर एकाग्रतेने वाचतानाही पापण्या कमीच लवतात. शिवाय पडद्यासमोर पापणी अर्धवट मिटण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसतं. अर्धवट मिटणं म्हणजे कडा टेकत नाहीत, तेल नीट येत नाही आणि पारपटलाचा खालचा भाग उघडाच राहतो.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवायला सांगतात ते मानेसाठी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वर पाहताना पापण्यांमधली फट रुंदावते आणि बाष्पीभवन वाढतं, हे दुसरं कारण. एसीचा किंवा पंख्याचा झोत तोंडावर नको, तोही याचसाठी. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे ६ मीटर दूर पाहावं, हा नियम आतल्या भिंगाच्या स्नायूंना सैल करण्यासाठी आहे. त्यात दोन-चारदा डोळे पूर्ण मिटले तर एका दगडात दोन पक्षी. लाली घालवणारे थेंब मनाने टाकू नका. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतात, कोरडेपणा तसाच राहतो, आणि सवय लागल्यावर थेंब बंद केले की लाली परत येते. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा पुसटपणा पापणी लववूनही जात नसेल, तर थेट डॉक्टर गाठा.

मनगट आणि पाठ यांवर वेगळा लेख लागेल. इथे एवढंच, की लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे मान सांभाळली तर हात अवघडतात आणि हात सांभाळले तर मान. दिवसभराच्या कामाला वेगळा कीबोर्ड हवाच.

आपली पापणी पूर्ण मिटते का, हे आरशात कळत नाही, कारण पाहायला लागलं की आपण नीट लववायला लागतो. मोबाइल पडद्याशेजारी टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रण सुरू करा आणि कामाला लागा. नंतर एकेक लवणं थांबवून पाहा: वरची पापणी सर्वांत खाली आलेली असताना दोन्ही कडांमध्ये पांढरी फट दिसते का?