कोकणातली जुनी बोट विदर्भात आणताना: कुठले कागद, कोणाकडून आणि पैसे देण्याआधी काय

गोसीखुर्द, इटियाडोह, अप्पर वर्धा अशा धरणांच्या मोठ्या पाण्यावर लाकडी डोंगा पुरत नाही आणि नवी फायबर बोट परवडत नाही. मग कोणीतरी मोबाईलवर रायगड-रत्नागिरीकडच्या जुन्या बोटीचा फोटो दाखवतो, भाव ऐकून मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष हरखतात आणि बोट धरणाच्या काठावर येऊन पडते. पडते म्हणजे पडूनच राहते. नोंदणीचा अर्ज त्रुटी काढून परत येतो, विक्रेता फोन उचलत नाही आणि पावसाळ्यात बोटीत पाणी साचून डास होतात.

अशा बहुतेक बोटी इथल्या ऑफिसात अडकलेल्या नसतात. त्या तिकडेच, विक्रेत्याच्या गावच्या ऑफिसात अडकलेल्या असतात, फक्त कळतं इकडे आल्यावर. म्हणून विक्रेत्याकडचे कागद आधी, उरलेले पैसे नंतर. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

बोट कशासाठी, हे आधी ठरवा

वल्ह्याची बोट आणि मशीनची बोट, कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नदी, तलाव, धरणाच्या पाण्यावरच्या बोटींना आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागतो. त्याआधी १९१७ चा इंग्रजांच्या काळातला कायदा होता. मशीन बसवलं की नोंदणी आली, सर्वेक्षण म्हणजे बोटीची तपासणी आली, विमा आला आणि चालवणाऱ्याचा दाखलाही आला. बिनमशीनच्या बोटींची नोंद स्थानिक पातळीवर, गाव-तालुक्याच्या कार्यालयात व्हावी अशी तरतूद आहे. ग्रामपंचायतीत जाऊन तसं विचारलं तर ग्रामसेवक तुमच्याकडेच बघत राहतो, हा भाग निराळा. तरीही लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. उद्या कोणी विचारलं तर ती पोच दाखवता येते.

तुमचं काम फक्त जाळी टाकण्याचं असेल आणि पाणी मामा (माजी मालगुजारी) तलावाएवढं असेल, तर मशीनच्या मागे लागू नका. निम्मे कागद तिथेच वाचतात. मशीन पाहिजेच असेल तर पुढचं नीट वाचा. पर्यटकांना फेरी मारायची किंवा घाटावरून माणसं न्यायची असतील तर आणखी नीट वाचा. जानेवारी २०२४ मध्ये गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव उलटली आणि जीव गेले. त्यानंतर माणसं बसवणाऱ्या बोटीच्या कागदाकडे कोणताही अधिकारी डोळेझाक करील अशी आशा ठेवू नका, आणि त्यानं करूही नये.

विक्रेत्याकडून घ्यायचे कागद: खरी अडचण इथेच आहे

समुद्रातल्या मासेमारी बोटीचे मुख्य कागद दोन असतात. एक नोंदणी प्रमाणपत्र, ज्यावर 'आयएनडी-एमएच' असा सुरू होणारा नंबर असतो आणि तोच बोटीच्या अंगावर रंगवलेला असतो. दुसरा मासेमारी परवाना. विक्रेता व्हॉट्सअॅपवर एका कागदाचा फोटो पाठवतो, त्यावर पुढच्या वर्षाची तारीख दिसते आणि आपली माणसं म्हणतात, 'व्हॅलिड हाये ना भाऊ.' ती तारीख बहुधा परवान्याची असते, नाहीतर विम्याची. परवाना समुद्रातल्या मासेमारीचा, त्याचा गोसीखुर्दात काडीचा उपयोग नाही. तुम्हाला पाहिजे नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही बाजू, आणि त्याच्याबरोबर तिकडच्या कार्यालयाचं ना हरकत पत्र किंवा नोंदणी रद्द केल्याचा दाखला. ज्या कागदावर ज्या कार्यालयाचा शिक्का, त्याच कार्यालयातून तो बंद करून घ्यायचा. हा अर्ज फक्त नोंदणीकृत मालक करू शकतो. तुम्ही इकडून कितीही पत्रं पाठवा, कोणी हलणार नाही.

ऑफिसवाले एवढा बाऊ का करतात, असं लोक चिडून विचारतात. २००८ च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी 'कुबेर' नावाची मासेमारी बोट बळकावून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावरची प्रत्येक बोट कुणाच्या नावावर आहे आणि कुठे आहे, हा सुरक्षेचा प्रश्न झाला. तुमची बोट भंडाऱ्याच्या काठावर आणि नंबर अजून रत्नागिरीच्या रजिस्टरात जिवंत, असं असेल तर तिकडचा मालक अडचणीत येतो आणि तुम्हीही. जुना नंबर रद्द झाल्याशिवाय खरवडून काढू नका. रद्द झाल्यावर मात्र ठेवू नका.

मालक कोण, हे प्रमाणपत्रावरून बघा, फोनवर बोलणाऱ्यावरून नाही. तिकडे एका बोटीत दोन-तीन भागीदार असणं नेहमीचं आहे. बोलतो एक, सही लागते सगळ्यांची. त्याहून वाईट म्हणजे बोट वडिलांच्या नावावर आणि वडील वारलेले. मुलगा अगदी प्रामाणिक असतो, पैसेही घेतो, करारनाम्यावर सहीही करतो. पण ती सही मालकाची नाही. आधी वारसांच्या नावावर बोट चढली पाहिजे, मग विक्री. 'ते नंतर करून देतो' हे वाक्य ऐकलं की सौदा तिथेच थांबवा, माणूस कितीही गोड बोलत असला तरी.

कर्जाचंही बघा. किनाऱ्यावरच्या बऱ्याच बोटी सहकारी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या किंवा बँकेच्या कर्जातून झालेल्या असतात. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा उतरवलेला नसतो, कारण फिटल्यावर पुन्हा ऑफिसात जायचा कंटाळा सगळ्यांनाच. प्रमाणपत्रावर गहाणाची नोंद असेल तर बँकेचा बेबाकी दाखला पुरत नाही, ती नोंद प्रमाणपत्रावरूनच काढून घ्यावी लागते.

आता मशीन. बोट एक वस्तू, मागे टांगलेलं आउटबोर्ड मशीन दुसरी. मशीनचं मूळ बिल बहुतेकांकडे नसतं, कारण ते तिसऱ्या-चौथ्या हातून आलेलं असतं. बिल नसेल तर करारनाम्यात मशीनचा मेक, हॉर्सपॉवर आणि सिरियल नंबर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. नंबरची पट्टी खाऱ्या पाण्यानं गंजलेली असते. ओल्या फडक्यानं पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा करारनाम्याला जोडा. तपासणीच्या वेळी 'नंबर वाचता येत नाही' हा शेरा यानं टळतो. केरोसीनवर चालणारं मशीन स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. आपल्याकडे चुलीपुरतं रॉकेल मिळत नाही, मशीनला कुठून आणाल?

जो कागद कोणाकडेच नसतो

तो म्हणजे बोट बांधणाऱ्याचा दाखला. कधी बांधली, कुठे बांधली, लांबी-रुंदी-खोली किती, साहित्य कोणतं, हे सांगणारा. छोट्या बोटी खाडीकाठच्या मिस्त्रीनं साच्यातून काढलेल्या असतात, त्यानं कोणाला कधी दाखला दिला? पण नव्यानं नोंदणी करताना बोटीचं वय आणि माप विचारलं जातंच. उपाय असा की जुन्या नोंदणीच्या वेळी मालकानं हा दाखला किंवा त्याऐवजी प्रतिज्ञापत्र दिलेलं असणार. त्याची प्रमाणित प्रत मालकाला त्याच्या कार्यालयातून काढायला लावा. ना हरकतीच्या अर्जासोबतच हा अर्ज टाकला तर त्याला वेगळी चक्कर पडत नाही. यासाठीही मालक राजी पाहिजे, म्हणजे पुन्हा तेच: हातचे पैसे सोडण्याआधी.

करारनामा करताना १०० चा जुना स्टॅम्प पेपर बाहेर काढू नका. ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० रुपयांच्या जागी ५०० रुपये झाले आहेत. बोटीचा जुना नंबर, मशीनचा नंबर, सगळ्या मालकांची नावं आणि 'ना हरकत मिळाल्यावर उर्वरित रक्कम' ही ओळ त्यात असू द्या.

पैसे नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात, बँकेतून. भाच्याच्या यूपीआयवर नाही. २ लाख किंवा त्यावर रोख स्वीकारायला कायद्यानं मनाई आहे, आणि संस्थेनं खरेदी केली असेल तर ऑडिटरही विचारतोच. संस्थेचा ठराव खरेदीच्या आधीच्या तारखेचा लागतो. बोट आल्यावर मागची तारीख टाकून ठराव लिहिणारे सचिव दर तालुक्यात भेटतात, आणि त्यांच्यावरचे आक्षेपही. फोटो दाखवून आधी टोकन मागणारा, जागेवर बोट बघू न देणारा विक्रेता भेटला आणि पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम गोठवणं कठीण होतं.

जूनमध्ये स्वस्त का मिळते

राज्याच्या सागरी पाण्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. बोटी ओढून काठावर शाकारलेल्या असतात, हाती पैसा नसतो, भाव उतरतो. बोट कोरडी असल्यानं खालून नीट बघता येते, हा फायदा. मागच्या ज्या फळीवर मशीन टांगतात तिच्यावर नाणं वाजवून बघा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आतलं लाकूड कुजलं आहे. तोटा असा की पाण्यात चालवून बघता येत नाही. या काळात 'सध्या ट्रान्सफर बंद आहे, ऑगस्टमध्ये कागद देतो' असं सांगणारे विक्रेते भेटतात. बंदी मासेमारीला आहे, कागदाला नाही. ऑफिस उघडं असतं.

इकडचे अर्ज

मशीनच्या बोटीची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, लोक ज्याला मेरीटाईम बोर्ड म्हणतात. त्याची प्रादेशिक बंदर कार्यालयं वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी, वेंगुर्ला अशी सगळी समुद्राकाठी आहेत. विदर्भाच्या माणसानं नदीतल्या बोटीसाठी समुद्राकडे तोंड करून बसायचं, याला काय म्हणावं. त्यामुळे अर्ज अर्धवट पाठवून 'बाकी नंतर देऊ' हे परवडत नाही. मालकी, जुनी नोंदणी रद्द केल्याचा दाखला, मोजमाप, मशीनचा तपशील, विमा, ओळखीचे कागद एका गठ्ठ्यात द्या. लाईफ जॅकेट, विझवण्याचं साधन या गोष्टी तपासणीच्या दिवशी बोटीत हजर पाहिजेत, बिलात नाही.

नोंदणी झाली म्हणजे कुठेही बोट टाकता येते असं नाही. पाणी ज्याचं, परवानगी त्याची. मोठ्या धरणाला जलसंपदा विभागाचे कार्यकारी अभियंता, जिल्हा परिषदेच्या तलावाला जिल्हा परिषद, मासेमारीच्या ठेक्याला मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे मासेमारीला बंदी आहे, बोट घेऊन जाण्याचा विचारही करू नका, जप्त होईल.

आणि अनुदान. जुन्या बोटीचा करारनामा जोडून अनुदानाचा अर्ज भरणारे दरवर्षी असतात आणि दरवर्षी नाकारले जातात. अनुदान नव्या खरेदीला, कोटेशन आणि पक्क्या बिलावर असतं. अनुदान मिळवायचं असेल तर जुनी बोट घेऊच नका. आधी जिल्हा कार्यालयात विचारा.

रस्ता

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण सुरू आहे, त्यामुळे बोट आणणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. अडचण लांबीची. बोटीचं तोंड ट्रकच्या बाहेर लोंबत असेल तर मोटार वाहन कायद्यानं २०,००० रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. चालक म्हणतो 'लाल कपडा बांधू'. कपडा बांधून दंड टळत नाही. लांब ट्रेलर ठरवा. राज्यातल्या राज्यात १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. त्यावर किंमत असेल आणि दोन्ही पक्ष जीएसटीत नसतील तर ते ऐच्छिक आहे, पण ट्रान्सपोर्टवाल्याकडून काढून घ्या. टोलनाक्यावर रात्री नियम समजावत बसण्यापेक्षा बरं. करारनामा आणि जुनी नोंदणी रद्द केल्याच्या दाखल्याची प्रत चालकाजवळ द्या.

त्रुटीपत्र म्हणजे नकार नाही

अर्जावर त्रुटी निघाल्याचं पत्र आलं की अनेकजण खचून फाईल गुंडाळतात, नाहीतर सगळा अर्ज पुन्हा नव्यानं भरतात. दोन्ही चूक. पत्रात जेवढं मागितलं तेवढंच, पत्राचा जावक क्रमांक टाकून, दिलेल्या मुदतीत पाठवा. मुदत पत्राच्या तारखेपासून आहे की मिळाल्यापासून, ते पत्रातच लिहिलेलं असतं. ती ओळ आधी वाचा आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. तोंडी सांगितलेली त्रुटी मानू नका, लेखी मागा. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात आपल्याच फाईलवरचे शेरे मागता येतात, आणि तो अर्ज पोचला की फाईल कुठल्या टेबलावर आहे हे सहसा लवकर कळतं.