काडतुसं ‘नेणं’ आणि काडतुसं ‘पाठवणं’: घोळ गाडीमुळे होतो

‘खिशात असली तर बाळगणं, गाडीत असली तर वाहतूक.’ शस्त्र परवान्याचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी छातीठोकपणे फेकतोच. ऐकायला सुटसुटीत आहे आणि पूर्ण चुकीचं आहे. यावर विश्वास ठेवणारे दोन बाजूंना भरकटतात. काही जण पुण्याहून साताऱ्याला स्वतःच्या गाडीतून दहा काडतुसं न्यायची म्हणून ‘वाहतूक परवाना’ मागत जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालतात. त्यात फक्त वेळ जातो. दुसरे म्हणतात, परवाना माझा, गाडी माझी, मग काडतुसं गाडीत राहिली आणि ड्रायव्हर गाडी घेऊन गेला तर बिघडलं कुठे? इथे मात्र ड्रायव्हरवर गुन्हा दाखल होऊ शकतो.

परवाना कोण देतो, नूतनीकरण कसं होतं, यूआयएन हा परवानाधारकाचा ओळख क्रमांक कशासाठी असतो, हे परवानाधारकाला ठाऊक असतं. ते सोडून देऊ. कायदा तोच, शस्त्र अधिनियम १९५९, पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘हत्यार कायदा’. त्यातली दोन कलमं इथे महत्त्वाची. कलम ३ म्हणतं की अग्निशस्त्र किंवा दारूगोळा (काडतुसं त्यातच आली) मिळवायचा, ताब्यात ठेवायचा किंवा घेऊन फिरायचं तर परवाना हवा. कलम १२ शस्त्रांच्या आणि दारूगोळ्याच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला देतं. पहिलं माणसाबद्दल बोलतं, दुसरं मालाबद्दल. चाकांचा उल्लेख दोन्हीत नाही.

म्हणून प्रश्न ‘काडतुसं कशात आहेत’ असा विचारायचाच नाही. विचारायचं ते हे: काडतुसं कोणाची, आत्ता कोणाच्या हुकमतीत आहेत आणि कोणाच्या वापरासाठी चालली आहेत? परवानाधारक स्वतः, स्वतःच्या वापरासाठी, वाजवी प्रमाणात, अंगावर किंवा स्वतःच्या सामानात काडतुसं नेत असेल तर त्याला वेगळा वाहतूक परवाना लागत नाही. मग तो पायी जावो, स्कूटरवर, एसटीत किंवा स्वतःच्या गाडीने. त्याचा व्यक्तिगत परवाना पुरेसा आहे, कारण ‘घेऊन फिरणं’ त्यातच आलं. तीच दहा काडतुसं डब्यात घालून, वर नाव लिहून, एसटी पार्सलने कोल्हापूरच्या मित्राकडे रवाना केली की ती पाठवणी झाली. माल तुमच्या हातून सुटला, वाटेत तो अशा लोकांच्या ताब्यात आहे ज्यांच्याकडे परवाना नाही, आणि पोचणार आहे तिसऱ्याच माणसाच्या हाती. आता प्रश्न फक्त वाहतुकीचाही उरला नाही. मित्राला काडतुसं देणं म्हणजे हस्तांतर, आणि त्यासाठी कलम ५ आहे. स्वतःच्या खासगी वापरातली काडतुसं दुसऱ्या पात्र माणसाला द्यायची तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. ‘त्याच्याकडेही परवाना आहे की’ एवढ्याने भागत नाही.

टपालाचं उत्तर तर सरळ ‘नाही’ आहे. स्फोटक वस्तू टपालात चालत नाहीत आणि काडतुसात बंदुकीची दारू असते. कुरियरवाल्याला ‘स्पेअर पार्ट’ सांगून डबा देणारे महाभाग असतात. त्यांनी खोटी घोषणा हा आणखी एक गुन्हा वर जोडून घेतलेला असतो.

लोकांना गोंधळात टाकणारी एक गंमत शिक्षेतही आहे. वाहतूक हा शब्द भारदस्त वाटतो, म्हणून तिची शिक्षाही मोठी असेल असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात कलम १२ मोडून वाहतूक केली तर कलम २५(१ब) खाली किमान १ आणि कमाल ३ वर्षं. विनापरवाना दारूगोळा जवळ बाळगला, म्हणजे कलम ३ मोडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं. (अवैध तस्करीची शिक्षा वेगळी, १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण तो या लेखाचा विषय नाही.) थोडक्यात, ‘मी कुठे वाहतूक करत होतो, नुसती जवळ होती’ हा बचाव म्हणून मांडणारा स्वतःला जास्त जड कलमात ढकलतो.

आता ड्रायव्हरकडे येऊ, कारण खरी ठेच इथे लागते.

‘ताबा’ म्हणजे हातात असणं, असं बहुतेकांना वाटतं. कायद्याला तसं वाटत नाही. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वस्तू प्रत्यक्ष जवळ नसली तरी तिच्यावर हुकमत असेल आणि ती तिथे आहे याची जाणीव असेल तर ताबा असतो. त्यामुळे काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून तुम्ही हॉटेलात जेवायला बसलात तरी ताबा तुमचाच. ती चोरीला गेली तर जबाबदारीही तुमची.

पण त्याच हॉटेलच्या दारात किल्ली व्हॅलेटवाल्याच्या हातात दिलीत तर? आता त्या गाडीवर आणि तिच्यातल्या सगळ्यावर प्रत्यक्ष हुकमत त्याची आहे. कप्प्यात काय आहे हे त्याला माहीत नसेल तर ‘जाणीवपूर्वक ताबा’ नाही म्हणून तो अखेरीस सुटेल. पण ते अखेरीस. आधी नाकाबंदी, झडती, पंचनामा. आणि त्याला माहीत असेल, म्हणजे तुम्ही ‘अरे, आत काडतुसं आहेत, जपून’ असं सांगितलं असेल, तर तुम्ही त्याचा बचावच काढून घेतलात. शिवाय ज्याला ठेवण्याचा हक्क नाही त्याच्या ताब्यात दारूगोळा दिल्याबद्दल कलम २९ तुमच्याकडे वळू शकतं. सर्व्हिसिंगला गॅरेजमध्ये सोडलेली गाडी, भाच्याला दोन दिवस दिलेली गाडी, ड्रायव्हरने पेट्रोल भरायला नेलेली गाडी, सगळीकडे हेच. किल्ली देण्याआधी कप्पा रिकामा करायला अर्धा मिनिट लागतो.

ड्रायव्हर गाडी चालवतोय आणि परवानाधारक मागे बसलाय, यात अडचण नाही. कलम ३ मध्येच त्याची सोय आहे. स्वतःकडे परवाना नसलेला माणूस दुसऱ्याचं शस्त्र किंवा दारूगोळा दोन प्रकारे नेऊ शकतो: परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. पण कारणं फक्त तीन. शस्त्राची दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण किंवा खुद्द परवानाधारकाचा वापर. ‘मुलाला पाठवून दुकानातून काडतुसं मागवली’ हे या यादीत नाही. ‘गावच्या घरी नेऊन ठेव’ हेही नाही. आणि लेखी म्हणजे लेखी. ‘घेऊन ये’ एवढा व्हॉट्सअॅप मेसेज दाखवून नाक्यावर सुटका होईल या भरवशावर कोणी राहू नये. कागदावर परवानाधारकाचं नाव, परवाना क्रमांक, यूआयएन, शस्त्राचा क्रमांक, काडतुसांचा प्रकार आणि संख्या, नेणाऱ्याचं नाव, कारण, कुठून कुठे, तारीख आणि सही असावी. सोबत परवान्याची प्रत. एका फेरीला एक कागद. तारीख न घातलेलं कायमचं अधिकारपत्र करून ठेवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्यामुळे संशयच वाढतो.

घर बदलतानाही हीच गल्लत होते. कपाटासकट सगळं सामान पॅकर्सच्या ट्रकमध्ये चढतं आणि कपाटाच्या खणात काडतुसांची पेटी असते. ट्रकसोबत तुम्ही नसता. म्हणजे ‘वैयक्तिक सामान’ हे पांघरूण गेलं. शस्त्र आणि काडतुसं वेगळी काढून स्वतः न्यायची आणि नवा पत्ता परवाना प्राधिकाऱ्याला मुदतीत कळवायचा.

स्वतः नेतानाही परवान्याच्या चौकटीतच राहावं लागतं. पहिली चौकट क्षेत्राची. परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर वैध, हे त्यावर लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता परवाना असलेला माणूस बांदा ओलांडून पत्रादेवीला पोचला की तो गोव्यात विनापरवाना आहे. कागलहून निपाणीकडे जाणाऱ्यांनाही हेच लागू. बेळगावात मराठी चालतं म्हणून हद्द बदलत नाही. दुसरी चौकट प्रकाराची. परवान्यात नोंदलेल्या शस्त्राचीच काडतुसं चालतात. इथे ‘बत्तीस’ हा शब्द घात करतो. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि बुडाला कडा असलेलं, .३२ पिस्तुलाचं म्हणजे ७.६५ मिमीचं आखूड. दोन्ही वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरच्या परवान्यावर पिस्तुलाची काडतुसं सापडली तर ती विनापरवानाच धरली जाणार.

तिसरी चौकट संख्येची. परवान्यावर दोन आकडे असतात, ‘एका वेळी जवळ’ आणि ‘वर्षभरात खरेदी’, आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. समजा ते ५० आणि १०० आहेत. जानेवारीत ५० घेतली, १० उडवली, तर आता फक्त १० घेता येतील. वर्षाचा कोटा ५० शिल्लक दिसतो म्हणून ५० घेतली की जवळ ९० झाली आणि अट मोडली. अट मोडणं हे कलम ३० मधलं प्रकरण, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरा फटका मात्र परवाना रद्द होण्याचा.

सार्वजनिक ठिकाणी शस्त्र न्यायचं तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ते म्यानात किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या नियंत्रणात हवं. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा, शाळा-कॉलेजचं आवार, इथे खास परवानगीशिवाय नाही. गाडीतली माझी पद्धत ठरलेली: शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या बंद डब्यात, डब्यावर संख्या लिहिलेली, मूळ परवाना हाताशी. कलम १९ खाली पोलीस परवाना मागू शकतात आणि तेव्हा ‘घरी आहे’ हे उत्तर नसतं. कलम २० तर त्याहून कडक. संशयास्पद रीतीने शस्त्र किंवा दारूगोळा नेताना आढळलं तर परवाना असो वा नसो, वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पोलीसच नव्हे, रेल्वेचा किंवा बसचा कर्मचारीही ते करू शकतो. काडतुसं सीटखाली कोंबून ठेवण्यात शहाणपण मानणाऱ्यांनी हे कलम वाचावं. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघालेला असेल, किंवा निवडणुकीत शस्त्र जमा करायला सांगितलं असेल, तर परवाना खिशात असून उपयोग नाही.

जिवंत काडतूस आणि उडवल्यावर उरलेली रिकामी पुंगळी यातला फरक सगळ्यांना कळतो, त्यावर शाई वाया घालवत नाही. एवढंच, की कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. किरकोळ भाग वापरायचा हेतू नसेल तर कलम ४५ त्यांना वगळतं. म्हणून शोभेची पुंगळी किल्लीच्या जुडग्यात मिरवायला बंदी नसली, तरी विमानतळावर ती तुम्हाला बाजूला उभं करणारच.

विमानतळावर ‘नेणं’ आणि ‘पाठवणं’ पुन्हा गोंधळात टाकतात. चेक-इन केलेली बॅग तुमच्या हातून जाते, पण ती तुमचं वैयक्तिक सामानच राहते. काडतुसं जायची ती फक्त तिथेच, केबिनमध्ये कधीच नाही. विमान कंपनीची आगाऊ मंजुरी, परवाना, काउंटरवर तोंडी आणि लेखी घोषणा, शस्त्र रिकामं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे फक्त १.४एस या कमी धोक्याच्या स्फोटक वर्गातली, यूएन ००१२ किंवा यूएन ००१४ हा धोकादायक मालाचा क्रमांक असलेली काडतुसं, नीट बंद केलेली, माणशी वेष्टनासह ५ किलोपर्यंत. दोघांचा वाटा एका पेटीत एकत्र करता येत नाही. कंपनीची मर्यादा याहून कमी असू शकते, आणि काही कंपन्या सरळ नकार देतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी विचारायचं.

वर्तमानपत्रात ‘प्रवाशाच्या बॅगेत जिवंत काडतूस’ अशी बातमी येते ती बहुधा विसरलेल्या एका काडतुसाची असते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ च्या गगनजोत सिंग प्रकरणात जाणीवपूर्वक ताबा नाही म्हणून गुन्हा रद्द केला होता, आणि कलम ३ च्या खटल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगीही लागते. पण तिथवर पोचेपर्यंत विमान सुटलेलं असतं, सीआयएसएफने, म्हणजे विमानतळावरच्या केंद्रीय सुरक्षा दलाने, तुम्हाला स्थानिक पोलिसांच्या हवाली केलेलं असतं, काडतूस न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेलेलं असतं आणि वकिलाची फी सुरू झालेली असते. नेमबाजीच्या रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला वापरायचीच नाही. दुसरी नसेल तर तिचे सगळे कप्पे उलटे करून, अस्तराची शिवण चाचपून मगच त्यात कपडे भरायचे.