टायरची नक्षी आणि टायरचं रबर

पिकअप ट्रकसाठी थंडीचे टायर घ्यायला निघालेला माणूस आधी नक्षी बघतो. ठोकळे जितके मोठे आणि खाचा जितक्या खोल, तितका टायर दणकट वाटतो. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात चिखलासाठी बनवलेले मड-टेरेन टायर याच भरवशावर हिवाळ्यात चालवले जातात, आणि मग बर्फाळ चौकात लाल दिव्यापाशी गाडी थांबता थांबत नाही. हे टायर वाईट नसतात, चिखलात ते उत्तमच चालतात. पण गोठलेल्या रस्त्यावरची पकड मुख्यतः रबर ठरवतं, आणि रबराचा स्वभाव नुसतं बघून कळत नाही.

रबराचे रेणू म्हणजे लांबलचक, गुंतलेल्या साखळ्या. उबेत त्या मोकळेपणानं हलतात, म्हणून रबर लवचिक राहतं आणि रस्त्याच्या बारीकसारीक उंचवट्यांत शिरून पकड घेतं. तापमान उतरलं की ही हालचाल मंदावते. खोबरेल तेल जसं ठराविक तापमानाला गोठतं तसं रबराचं होत नाही. ते हळूहळू ताठरत जातं. यात वेगाचीही भर पडते. ताशी 60 किलोमीटर वेगानं जाणाऱ्या पिकअपच्या टायरचा प्रत्येक ठोकळा सेकंदाला साधारण सहा-सात वेळा रस्त्याला टेकतो, आणि दर वेळी टेकून राहतो तो सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका. एवढ्या झपाट्यानं दाबलं गेलेलं रबर प्रत्यक्षातल्या तापमानापेक्षा अधिक थंड असल्यासारखं वागतं. म्हणूनच शून्याच्या बऱ्याच आधी उन्हाळी टायरची पकड कमी व्हायला लागते. दुकानदार 7 अंश सेल्सियसचा आकडा सांगतात तो याच कारणानं. ती काटेकोर सीमारेषा नाही, पण टायर बदलण्याची खूणगाठ म्हणून ठीक आहे.

थंडीच्या टायरचं मिश्रण मुद्दाम वेगळं असतं: खूप कमी तापमानालाही मऊ राहणारी रबरं, आणि पूर्वीच्या नुसत्या काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका, म्हणजे वाळूतल्या मूळ द्रव्याची बारीक भुकटी. मिशेलिननं 1992 मध्ये सिलिकावाले टायर बाजारात आणले ते इंधन वाचवण्यासाठी. पण सिलिकामुळे ओल्या आणि थंड रस्त्यावरची पकडही सुधारते, त्यामुळे थंडीच्या टायरांत ती लवकरच रुळली.

आता बर्फाकडे येऊ. बर्फ घसरडा का असतो, यावर मायकेल फॅरडेनं 1850 मध्ये एक विचार मांडला होता: गोठणबिंदूच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरून ठेवणारं कोणी नसतं, त्यामुळे ते सैल राहतात. पुढच्या संशोधनानं असा थर खरोखरच असतो हे दाखवून दिलं. चालकासाठी याचा अर्थ महत्त्वाचा आहे. उणे 25 अंशांचा कोरडा बर्फ जितका दगा देतो, त्याहून कितीतरी जास्त दगा शून्याच्या आसपासचा, वर ओलसर चकाकी असलेला बर्फ देतो. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात चिनूक हा उबदार वारा सुटून दुपारी बर्फ वितळतो आणि संध्याकाळी तो पुन्हा गोठतो, ती वेळ खरी सांभाळायची.

पाण्याचा हा थर बाजूला सारायचं काम सुरीच्या पात्यानं चिरल्यासारख्या बारीक खाचा करतात. चांगला थंडीचा टायर जवळून पाहिला तर प्रत्येक ठोकळ्यावर अशा नागमोडी चिरा दिसतात. अंगठ्यानं ठोकळा दाबून जरासा सरकवला की त्या उघडतात, आणि एका ठोकळ्याच्या अनेक कडा होतात. मड-टेरेनच्या भल्यामोठ्या ठोकळ्यावर अशा चिरा अगदी मोजक्याच असतात. जपानमध्ये एकेकाळी खिळेवाले टायर सर्रास वापरले जात. त्या खिळ्यांनी डांबर खरवडलं जाऊन उत्तरेकडच्या शहरांत धुळीचा इतका त्रास झाला की 1990 मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला. ब्रिजस्टोननं 1988 मध्ये ब्लिझॅक टायर आणला होता. त्याच्या रबरातच पाणी शोषून घेणारी सूक्ष्म छिद्रं होती. खिळे गेल्यावर सगळी स्पर्धा रबराच्या मिश्रणावर आली, आणि त्याचा फायदा आज आपल्याला होतोय.

भुसभुशीत हिमाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे रुंद खाचा लागतात, कारण हिम हिमाला चिकटतं. खाचेत दाबून भरलेलं हिम रस्त्यावरच्या हिमाला धरतं आणि चाक पुढे सरकतं. जगातला पहिला थंडीचा टायर 1934 मध्ये फिनलंडमधल्या नोकिया गावच्या कारखान्यानं काढला, आणि तो ट्रकसाठीच होता.

आता टायरच्या बाजूवर काय वाचायचं ते पाहू. ‘एम+एस’ ही अक्षरं चिखल आणि हिमासाठी म्हणून छापलेली असतात, पण ती नक्षीच्या रचनेवरून मिळतात. त्यासाठी टायर हिमावर चालवून बघावा लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह मात्र चाचणीनंतर मिळतं. दाबलेल्या हिमावर ठरवलेल्या प्रमाण टायरपेक्षा किमान 10 टक्के जास्त ओढ दाखवावी लागते. ही चाचणी गाडी पुढे नेण्याची आहे, बर्फावर थांबण्याची नाही, हे लक्षात ठेवावं. कारण काही ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या जमिनीसाठीच्या टायरांवरही हे चिन्ह असतं, आणि ते थंडीच्या खऱ्या टायरइतके मऊ नसतात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात थंडीचे टायर सक्तीचे आहेत आणि तिथे नुसतं एम+एस चालत नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ते चालतं, पण नक्षीची खोली किमान 3.5 मिलिमीटर हवी. टायर पूर्ण गोटा व्हायच्या कितीतरी आधीच तो हिमावर निकामी झालेला असतो.

पिकअपचा मूळ प्रश्न वजनाचा आहे. इंजिन पुढे, हौदा मागे रिकामा, आणि बहुतेक वेळा ओढ मागच्या चाकांची. त्यामुळे मागची चाकं हलकी होऊन जागेवरच फिरतात. मागच्या आसाच्या वर वाळूच्या गोणी ठेवून त्या घट्ट बांधल्या तर फरक पडतो. फोर-व्हील ड्राइव्हनं गाडी जागची हलते, पण थांबवताना त्याची फारशी मदत नाही, आणि म्हणून चारही चाकांना सारखेच टायर हवेत. टायर किती भार पेलतो हे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून पाहावं. त्याखाली कधीच जाऊ नये. उलट, हौदा बहुतेक रिकामाच राहत असेल तर केवळ दणकट दिसतात म्हणून जाड, जास्त भाराचे टायर घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ते ताठ असतात आणि बर्फावर तो ताठरपणा नडतो.

हवेचा हिशेबही मोटारीहून वेगळा आहे. 20 अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरून गाडी उणे 20 अंशांत काढली की दाब सुमारे 67 वर येतो, म्हणजे 13 पीएसआयची घट. तेवढ्याच फरकानं 35 पीएसआयच्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण 7 पीएसआय घटतात. दर 10 अंश फॅरनहाइटला एक पीएसआय हा प्रचलित ठोकताळा मोठ्या पिकअपला लावला तर हवा कमीच पडते. म्हणून गेज गाडीतच ठेवावं आणि गाडी रात्रभर बाहेर थंडीत उभी राहिल्यावर सकाळी दाब बघावा.

दुकान कसं ओळखायचं? चांगला दुकानदार भाव सांगायच्या आधी विचारतो: ट्रेलर ओढता का, हौद्यात काय असतं, डोंगरातून जाता की शहरातच? टायरच्या बाजूवरच्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो न मागता दाखवतो. 3523 म्हणजे 2023 च्या पस्तिसाव्या आठवड्यातला टायर. काम चालू असताना शक्य असेल तर उभं राहून बघा. मीठ टाकलेल्या रस्त्यांमुळे हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागावर, गंज धरतो. तो तारेच्या ब्रशनं घासून काढल्याशिवाय चाक नीट टेकत नाही. घाई करणारं दुकान ही पायरी गाळतं. नट हवेच्या बंदुकीनं करकचून आवळून सोडून देणारं दुकानही टाळावं. शेवटचा आवळ टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं, एकाआड एक नट घेत द्यायचा असतो. चाक बसल्यावर शंभरेक किलोमीटरांत नट थोडे सैल पडू शकतात. तेव्हा पुन्हा येऊन फुकट तपासून घ्या, असं जे दुकान स्वतःहून सांगतं, तिथे मी टायर थोडे महाग मिळाले तरी जाते.