वाढीच्या हार्मोनला अडवणारं प्रथिन: पार्श्वभूमी

 1956 साली कॅलिफोर्नियात ली आणि पॅपकॉफ या शास्त्रज्ञांनी मानवी ग्रोथ हार्मोन, म्हणजे शरीराची वाढ घडवणारं प्रथिन, वेगळं काढलं. ते मिळायचं मृतांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथींतून, त्यामुळे कायमच तुटवडा. 1985 मध्ये अशा हार्मोनमधून मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं उघड झालं आणि त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेलं हार्मोन औषध म्हणून मंजूर झालं. हार्मोनचं जीन (जनुक) हाताशी असल्यानं आता त्यात हवा तो बदलही करता येत होता.

या विषयाचा खरा गाभा अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातल्या उंदरांत आहे. बाहेरून ग्रोथ हार्मोनचं जीन घातलं की उंदीर राक्षसी वाढतात, हे 1982 पासून माहीत होतं. जॉन कोपचिक आणि त्यांचा विद्यार्थी वेन चेन यांनी गाईच्या हार्मोनच्या तिसऱ्या सर्पिलातली (मळसूत्री वळलेल्या भागातली) तीन ॲमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दुवे, बदलली आणि ते जीन उंदरांत घातलं. उंदीर खुजे निपजले. 1990 साली हे प्रसिद्ध झालं. इथे क्षणभर थांबायला हवं. बदललेलं प्रथिन नुसतं निकामी असतं तर उंदीर नेहमीएवढेच राहिले असते. ते खुजे राहिले, म्हणजे हे प्रथिन त्यांच्या स्वतःच्या हार्मोनची वाट अडवत होतं. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण अपेक्षेविरुद्ध आलेला निकाल त्यांनी फसलेला प्रयोग म्हणून बाजूला टाकला नाही. पुढे कळलं की कळीची जागा 119 क्रमांकाच्या ग्लायसिन या ॲमिनो आम्लाची. माणसाच्या हार्मोनमध्ये तीच 120 वी.

असं का होतं, ते 1992 मध्ये स्फटिकरचनेतून दिसलं. हार्मोनचा एक रेणू दोन बाजूंनी दोन रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची संदेश घेणारी प्रथिनं, धरतो. ग्लायसिनच्या जागी आर्जिनिन किंवा लायसिनसारखं मोठं आम्ल आलं की पहिली बाजू चिकटते, दुसरी चिकटत नाही, आणि पेशीच्या आत संदेश जात नाही. रिसेप्टर आधीपासूनच जोडीनं असतात, हे नंतर समजलं. अडवण्याचं तत्त्व मात्र टिकलं.

यातूनच पेगव्हिसोमंट हे औषध आलं: एकूण 9 आम्लं बदललेली, वर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं आवरण. ॲक्रोमेगालीसाठी (ग्रोथ हार्मोन जास्त झाल्यानं हातपाय, चेहरा वाढण्याचा आजार) अमेरिकेत त्याला 2003 मध्ये मंजुरी मिळाली.

प्रयोगशाळेसाठी ही प्रथिनं बहुधा ई. कोलाय या जिवाणूत बनवतात. ती पेशीत गोळा होऊन बसतात. मग युरियात विरघळवायची, पुन्हा नीट घडी घालू द्यायची आणि कॉलमवर (गाळणीसारख्या भरलेल्या नळीतून) शुद्ध करायची. आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्यानं अशा प्रथिनाची कुपी मागवण्याआधी एक गोष्ट नक्की तपासावी. मानवी ग्रोथ हार्मोन प्रोलॅक्टिन या दूध तयार करवणाऱ्या हार्मोनच्या रिसेप्टरलाही चिकटतं, म्हणून नुसता 120 वा ग्लायसिन बदललेलं प्रथिन प्रोलॅक्टिनचंही काम अडवतं. पेगव्हिसोमंटमध्ये तो दोष नाही, पण उंदराच्या रिसेप्टरवर त्याची पकड कमजोर असते. स्तनाच्या पेशींवर काम करणाऱ्याला पहिली गोष्ट नडते, उंदरांवर काम करणाऱ्याला दुसरी.