जळके ऑइल

सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीच्या इंजिनातून काढलेले काळे वंगणतेल. गॅरेजात ‘जळालेलं’ किंवा ‘काळं ऑइल’, कायद्याच्या भाषेत ‘वापरलेले तेल’. मोटरसायकलमधून साधारण एक लिटर, लहान मोटारीतून तीन-चार लिटर निघते.

नाव फसवे आहे. तेल फारसे जळत नाही, मळते. पिस्टनच्या रिंगांजवळून उतरणारी काजळी, थोडे इंधन, पाण्याचा अंश आणि झिजलेल्या धातूचा बारीक कीस त्यात मिसळतो. झीज रोखण्यासाठी घातलेली जस्ताची संयुगे खर्ची पडतात आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे साठत जातात. मूळ तेल मात्र बरेचसे शाबूत असते. तरीही ‘जळाले’ म्हटले की ते निकामी ठरते आणि भलत्या कामांना लागते. काँक्रीट चिकटू नये म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांना ते फासतात, वाळवीसाठी वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना लावतात. गोचीड जावेत म्हणून जनावरांना चोळण्याचा प्रकार तर सरळ घातक आहे. जनावर अंग चाटते.

गटारात किंवा मातीत ओतलेल्या तेलाबद्दल अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक आकडा नेहमी दिला जातो: एका गॅलनने (३.८ लिटर) दहा लाख गॅलन गोडे पाणी बिघडू शकते. त्याच देशातील मिझुरी राज्यात टाइम्स बीच हे गाव होते. १९७०च्या दशकात तिथल्या कच्च्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून टाकाऊ तेल शिंपडले गेले. त्यात डायॉक्झिन हे अतिविषारी रसायन असलेला कचरा मिसळलेला होता. १९८३ मध्ये सरकारने अख्खे गाव विकत घेऊन रिकामे केले. घात तेलापेक्षा भेसळीने केला.

गॅरेजातली भेसळ इतकी भयंकर नसते, पण तेलाचा पुढचा उपयोग तीच बुडवते. ब्रेक ऑइल नावापुरतेच ऑइल. डॉट ३ आणि डॉट ४ हे प्रकार ग्लायकॉल ईथरपासून बनतात आणि सांडले तर गाडीचा रंग उडवतात. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. त्याची चव गोड, त्यामुळे कुत्रीमांजरे ते चाटतात. शरीरात त्याचे ऑक्झलेटचे स्फटिक होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून तिन्हींचे कॅन वेगळे, झाकणबंद आणि वर नाव लिहिलेले हवेत. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत यातले काहीही भरू नये. बॅटरीतले आम्ल ओतून टाकायचे नसते; बॅटरी आहे तशी दुकानदाराला परत द्यावी.

जळके तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येते. त्यासाठी आधी तापवून पाणी उडवतात, मग निर्वात ऊर्ध्वपातनाने (कमी दाबाखाली वाफ करून ती थंड करण्याच्या पद्धतीने) मूळ तेल वेगळे करतात आणि शेवटी विशिष्ट माती किंवा हायड्रोजन वापरून ते निवळतात. जुन्या पद्धतीत गंधकाम्ल वापरत. तेल निघे, पण मागे उरलेल्या आम्लाच्या गाळाचे काय करायचे हा नवा प्रश्न उभा राही. एका गॅलन जळक्या तेलातून सुमारे २.४ लिटर वंगणतेल मिळते. एरवी तेवढ्यासाठी ४२ गॅलन, म्हणजे एक पिंप कच्चे तेल लागते.

भारतात हे तेल २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते फक्त परवानाधारकालाच देता येते. महाराष्ट्रात हे परवाने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. १ एप्रिल २०२४ पासून वंगणतेलाचे उत्पादक आणि आयातदार यांच्यावरही वापरलेले तेल परत गोळा होण्याची जबाबदारी आली. मोठ्या सर्व्हिस सेंटरात नोंदी ठेवल्या जातात. रस्त्याकडेच्या गॅरेजात मात्र पिंप घेऊन येणारा फेरीवाला लिटरवर भाव करतो आणि तेल पुढे कुठे जाते ते मेकॅनिकलाही ठाऊक नसते. काही माल नुसता गाळून, नामांकित कंपनीच्या जुन्या डब्यात भरून ‘नवे ऑइल’ म्हणून विकला जातो. त्यामुळेच जाणते ग्राहक ऑइल बदलून झाल्यावर रिकाम्या डब्याला भोक पाडायला सांगतात.