चिखलाच्या पातळीवरून

पक्ष्यांचे फोटो काढणारे भेटले की पहिली चौकशी लेन्सची होते: चारशे मिमी की सहाशे? पाणकाठच्या छोट्या पक्ष्यांसाठी त्याआधी विचारावं, कॅमेरा जमिनीपासून किती वर आहे?

हिशेब सोपा आहे. कंठेरी चिखल्याचं डोकं जमिनीपासून साधारण 12 सेंटिमीटरवर असतं. तो 15 मीटर लांब आहे आणि तुम्ही उभे राहून दीड मीटर उंचीवर कॅमेरा धरलाय, असं समजा. लेन्समधून निघून त्याच्या डोक्यावरून जाणारी रेषा त्याच्या मागे जेमतेम 1.3 मीटरवर चिखलात टेकते. म्हणजे मागची ढेकळं, काड्या, गवत सगळं अर्धवट धूसर होऊन फोटोत येतं. आता आडवे पडा आणि लेन्स 20 सेंटिमीटरवर आणा. तीच रेषा 22 मीटर मागे जाऊन टेकते. पार्श्वभूमी एकसारखी मऊ होते आणि चिखल्या त्यातून सुटा उठून दिसतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 500 मिमी लेन्स आणि छिद्र एफ 6.3 असेल, तर 15 मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा एकूण 34 सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यापलीकडचं जितकं लांब, तितकं बरं.

इंदूरला सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर, दोन्ही 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आले. हिवाळा सरत जातो तसं पाणी ओसरतं, ओला काठ उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या, शेकाटे तिथे चरायला उतरतात. माळव्यातली काळी माती ओली असली की ट्रायपॉडचे पाय रुततात. त्यापेक्षा घरातली जुनी परात उपयोगी: तिच्यात धान्याची पिशवी आणि पिशवीवर लेन्स. चिखलावर परात ढकलत पुढे सरकता येतं. पिशवीत दोनेक किलो मूग किंवा तांदूळ भरा, आतून प्लास्टिकचं अस्तर लावा. मूग भिजले तर फुगतात आणि वास मारतात. वाळू नकोच, तिचे कण शिवणीतून सुटून झूम रिंगमध्ये शिरतात.

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. अंधार असतानाच जागा धरा, पूर्व पाठीशी ठेवून. पोहे-जलेबी नंतर, परतीच्या वाटेवर. पक्ष्यांच्या मागे जाऊ नका. ते पाण्याच्या कडेकडेने चरत येतात, त्यांच्या वाटेवर आधीच पडून राहिलं की पुष्कळदा स्वतःच जवळ येतात. उभी मानवी आकृती त्यांना लांबून कळते, आडवी तितकी खटकत नाही. चरणं थांबलं, मान ताठ झाली, टिटवी डोकं वर-खाली करू लागली, की तिथेच गोठून जा. पक्षी पुन्हा चरायला लागले तरच पुढे.

चरणाऱ्या पक्ष्याला 1/1000 सेकंदाचा शटर वेग पुरतो. तुतवार सतत शेपूट हलवते, तिच्यासाठी 1/1600, उडताना 1/2500. प्रकाश कमी असताना आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 3200 पर्यंत जाऊ द्या: दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

शेकाट्याची गफलत वेगळी. गडद पाण्यावर पांढरा पक्षी फ्रेममध्ये छोटा असला की कॅमेऱ्याचा मीटर पाण्याचा काळोख मोजून फोटो उजळवतो आणि छातीवरची पिसं नुसती पांढरीफटक होतात. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) −0.7 ते −1 लावा. पाण्यात उजळ आकाशाचं प्रतिबिंब असेल तर उलट, +0.7.

सगळं बरोबर असूनही फोटो पुसट येतात, त्यामागे बऱ्याचदा हवा असते. जमीन तापली की गरम-थंड हवेचे थर मिसळतात, प्रकाश वाकडातिकडा होतो. पहाटेही पाणी हवेपेक्षा उबदार असलं तर हेच घडतं. जास्त महागडी लेन्स यावर उपाय नाही, कमी अंतर हाच. गाडीतून टिपत असाल तर हीटर बंद आणि काच आधीच उघडी ठेवा. उबदार हवा खिडकीतून बाहेर पडताना लेन्सपुढेच थरथरते.

मार्चपासून एक फरक पडतो. कंठेरी चिखल्या आणि टिटवी उघड्या खडीवरच अंडी घालतात, रंगही खडीसारखाच. एखादा पक्षी पंख ओढत लंगडण्याचं सोंग करत पुढे पळाला, तर अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. आलात त्याच पावलांनी मागे फिरा आणि तो काठ मोसमभर सोडा. पालक उठलेले असताना अंडी उन्हात काही मिनिटांत तापू शकतात.