घरकुलाचे हप्ते आणि पायाखालची जागा : १९५७ पासूनची वाटचाल

प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाचा मंजुरी आदेश निघाल्यावर लाभार्थ्याच्या खात्यात पहिल्यांदा जमा होतात ते १५,००० रुपये. महाराष्ट्रात सध्या चालू असलेल्या पद्धतीत जोता पूर्ण झाल्याचा फोटो ॲपवर चढला की ७०,००० येतात, लिंटेलनंतर (दार-खिडक्यांवरच्या आडव्या पट्ट्यानंतर) ३०,००० आणि घर पूर्ण झाल्यावर उरलेले ५,०००. कागदावर हे सरळ दिसते. पण काळ्या जमिनीत मुरूम लागेपर्यंत खणायचे म्हटले तर पहिला हप्ता खड्ड्यातच जातो. पुढचा मोठा हप्ता जोत्याशिवाय सुटत नाही. मग सिमेंट, सळई दुकानदाराकडून उधारीवर येते आणि उधारी मिळाली नाही तर काम पायातच थांबते. तालुक्यातल्या ‘अपूर्ण घरकुलां’च्या यादीत कितीतरी नावे याच टप्प्यावर अडकलेली असतात. ती माणसे आळशी किंवा लबाड नसतात. अडचण योजनेच्या बांधणीतच आहे, आणि ती बांधणी अशी का झाली हे पाहायला मागे जावे लागते.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला प्रयत्न कर्जाचा होता. १९५७ साली समुदाय विकास कार्यक्रमात ग्रामीण गृहनिर्माणाची योजना आली आणि एका घराला कमाल ५,००० रुपये कर्ज ठरले. पाचवी पंचवार्षिक योजना संपेपर्यंत, म्हणजे १९८० पर्यंत, साऱ्या देशात तिच्यातून ६७,००० घरे झाली. कुडाच्या भिंतीत राहणाऱ्याकडे तारण ठेवायला काही नसते, त्यामुळे ज्याला घराची सर्वांत जास्त निकड, तोच कर्जाच्या योजनेबाहेर राहतो.

अनुदानाची वाट निघाली ती मजुरीच्या योजनांतून. १९८० चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम आणि १९८३ चा भूमिहीनांसाठीचा रोजगार हमी कार्यक्रम यांतून घरबांधणीला पैसा मिळू लागला. १९८५-८६ मध्ये त्यातलाच एक भाग अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त झालेल्या वेठबिगारांच्या घरांसाठी राखून ठेवला, तीच इंदिरा आवास योजना. १९८९ मध्ये ती जवाहर रोजगार योजनेत गेली, तेव्हा तिच्या वाट्याला निधीचे ६ टक्के होते. १९९३-९४ मध्ये इतर गरीब कुटुंबांनाही दार उघडले आणि वाटा १० टक्के झाला. १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. आजही घरकुलासोबत रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी जोडलेली दिसते, तिचे मूळ या जन्मकथेत आहे. म्हणूनच जॉब कार्ड नसेल, किंवा कार्डावर एक नाव आणि घरकुलावर दुसरे असेल, तर मजुरीचे पैसे हमखास अडकतात.

इंदिरा आवासने एक गोष्ट नीट केली : घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे, मध्ये कंत्राटदार नको आणि घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर असावे. ठेकेदाराने बांधलेले घर आणि मालकाने बांधलेले घर यांतला फरक महाराष्ट्राने किल्लारीत मोठ्या प्रमाणावर पाहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली. घराचे माप शेतीवरून ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यावर ७५०. वसाहती झाल्या, पण गुरांचा गोठा, धान्याची जागा, शेजार आणि आळी यांचा जुना मेळ अनेक ठिकाणी बसला नाही. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी बोलला जातो. सुमारे दोन लाख कुटुंबांनी आपली तडा गेलेली घरे सरकारी मदतीतून, अभियंत्यांच्या देखरेखीखाली स्वतः दुरुस्त केली. गावोगावी ‘संवाद सहायक’ म्हणून बायका नेमल्या गेल्या. कोणता हप्ता कधी, भिंतीला पट्टा कुठे आणि कसा घालायचा हे त्या घरोघरी समजावत. आजच्या घरकुल योजनेत एका ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याकडे गावांची मोठी रांग असते. किल्लारीतली ती समजावणारी बाई मात्र पुढे कुठल्याच योजनेत कायमची नेमली गेली नाही. माझ्या मते हे फार मोठे नुकसान आहे.

आता रकमेकडे पाहू. १९९६ मध्ये सपाट प्रदेशात २०,००० रुपये मिळत. २००४ मध्ये २५,००० झाले, २००८ मध्ये ३५,०००, २०१० मध्ये ४५,००० आणि २०१३ मध्ये ७०,०००. डोंगराळ भागात थोडे जास्त. १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आली, तेव्हा रक्कम १,२०,००० झाली (डोंगराळ व दुर्गम भागात १,३०,०००), त्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आणखी दोन कोटी घरांना मंजुरी दिली, मुदत मार्च २०२९ पर्यंत, पण रक्कम तीच ठेवली. २०१६ चा आकडा तेरा वर्षे पुरवायचा, आणि त्या काळात सिमेंट, वीट, वाळू, गवंड्याची हजेरी काहीच जागेवर राहत नाही.

महाराष्ट्राने २०२५ मध्ये या दुसऱ्या टप्प्यासाठी स्वतःचे ५०,००० घातले : ३५,००० बांधकामाला, १५,००० छतावरच्या सौर संचाला. त्यात शौचालयाचे १२,००० आणि २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ९० दिवसांची मजुरी, २८,०८० रुपये, मिळवली तर बेरीज २,१०,०८० वर जाते. लोक ‘दोन लाखांचे घरकुल’ म्हणतात ते यामुळे. मात्र हे पैसे एका खिडकीतून येत नाहीत. मजुरी हजेरीपटावरून येते, शौचालयाचे पैसे वेगळ्या प्रस्तावावर, सौरचे संच बसल्यावर. पाच ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वाळू स्वामित्वधन न घेता मिळण्याची तरतूदही आहे, पण ती आणण्याचे भाडे आपल्याच खिशातून. हाताशी एवढे येणार म्हणून २६९ ऐवजी पाचशे फुटांचा पाया आखला की घर लिंटेलला थांबते. लहान घर आधी पूर्ण करावे आणि पुढे वाढवता येईल अशा बाजूला भिंत मोकळी ठेवावी, हेच शहाणपणाचे.

कोणाला घर द्यायचे, हा वाद रकमेपेक्षा जुना आणि कडू आहे. इंदिरा आवासची प्रतीक्षा यादी २००२ च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणावर होती. त्यात १३ निकषांना प्रत्येकी शून्य ते चार गुण होते. २०१६ मध्ये तिची जागा २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणाने घेतली. त्यातून निघालेली यादी गावात ‘ब यादी’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात घर बसायला भिंत आणि छप्पर दोन्ही कच्चे हवे होते, आणि पत्र्याचे छप्पर त्या सर्वेक्षणात पक्के धरले होते. मराठवाड्यात, विदर्भात मातीच्या भिंतीवर पत्रे टाकलेली घरे जागोजागी आहेत. ती सगळी या एका नोंदीने बाहेर पडली. शिवाय तेव्हा एकत्र असलेले भाऊ पुढे वेगळे निघाले, त्यांची नावे कुठेच नव्हती. म्हणून २०१८-१९ मध्ये नवे सर्वेक्षण झाले, तीच ‘ड यादी’. दुचाकी, फ्रीज किंवा घरचा दूरध्वनी असला तर नाव कापले जाई, त्या तीन अटी २०२४ च्या सुधारणेत गेल्या आणि कुटुंबातल्या कमावत्याची मासिक मर्यादा १०,००० वरून १५,००० झाली. नव्या सर्वेक्षणात चेहऱ्याची पडताळणी आहे. ऊसतोडीला गेलेले कुटुंब तेव्हा फडावर असेल तर चेहरा कोण दाखवणार? बांधकामाचे कोरडे महिनेही तेच, दिवाळीनंतर ते पाडव्यापर्यंत.

केंद्राच्या यादीबाहेर राहिलेल्यांसाठी राज्याच्या योजना एकेक करून आल्या. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. नावे वेगळी, पण ग्रामसभेचा ठराव, पंचायत समितीची छाननी आणि टप्प्याचे फोटो ही वाट जवळपास तीच.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : माणसाकडे जागा आहे. गावठाण वाढलेले नाही, लोकसंख्या वाढली, म्हणून अनेक कुटुंबे गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. त्यानंतर गायरानावरचे घरकुल अधिकच अवघड झाले. २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला ५०,००० रुपये मिळू लागले, नंतर ती मर्यादा एक लाख झाली. पण त्या पैशातून घ्यायची पाचशे चौरस फूट जागा म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी, आणि जमिनीचे फार लहान तुकडे विकू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे तेवढ्या तुकड्याचे खरेदीखत होत नसे. घरकुलासाठी ती सवलत मिळायला कित्येक वर्षे गेली. जागा वडिलांच्या नावावर असेल तर नमुना ८ चा (ग्रामपंचायतीकडच्या घर-जागेच्या नोंदीचा) उतारा आणि सगळ्या भावांचे संमतीपत्र लागते. एका भावाची सही राहिली तरी प्रस्ताव परत येतो.

जागा नाही म्हणून काम थांबले असेल तर ग्रामसभेच्या ठरावातला शब्द आधी वाचावा. ‘भूमिहीन’ लिहिले असेल तर नाव प्रतीक्षा यादीत राहते आणि जागा मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर येते. ‘अपात्र’ लिहिले असेल तर नाव यादीतून जाते, आणि ते परत आणायला जिल्हास्तरीय अपील समितीकडे जावे लागते. त्यासाठी ठरावाची प्रत ग्रामपंचायतीकडून लेखी मागून घ्यावी.